कोरं वर्तुळ

९ फेब्रुवारी

वन्सं,

फोन करत नाही, कारण धाकटी घरात आहे आणि आमच्या घराच्या भिंती तुम्हाला माहीत आहेत. एका खोलीत कुजबुजलं तर दुसऱ्या खोलीतून उत्तर येतं. म्हणून कागद घेतला.

तुमच्या हॉस्पिटलने ह्यांच्यावर लेख छापलाय. तुम्हाला ठाऊक होतं का, ते आधी सांगा. बाकीचं मग.

हार्डवेअरवाल्याची मुलगी परगावी डॉक्टरकी शिकते. तिला अभ्यास करताना तो लेख दिसला आणि लेखात तिच्या वडिलांच्याच दुकानाची पाटी दिसली. ह्यांनी रंगवलेल्या पाट्यांचे फोटो ओळीने लावलेत. आधी हात शाबूत होता तेव्हाची, मग अक्षरांना कापरं भरलं तेव्हाची, आणि शेवटी ती औषधाच्या दुकानाची, जी दुकानदाराने आठवड्यात उतरवून ठेवली होती. नावांवर काळी पट्टी मारलीय. पण कोपऱ्यातला ह्यांचा पोपट तसाच आहे! तो पोपट बघितला की गावातलं शेंबडं पोरसुद्धा ह्यांचं नाव सांगेल. फोटो मीच दिले होते, आजार नक्की कधी सुरू झाला ते डॉक्टरांना कळावं म्हणून. जगाला दाखवायला नव्हते दिले. आणि खाली काय लिहिलंय, तर 'व्यवसायाने पाट्या रंगवणारा, दोन मुली'. गावात पाट्या रंगवणारे होते किती जण?

हेही मी गिळलं असतं. माणूस गेला, त्याची काय ती लाज आणि काय ती अब्रू. पण पुढच्या पानावर घराण्याचं चित्र आहे. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. ज्याच्या रक्तात आजार उतरलाय तो काळा भरलेला, नाहीतर कोरा. काळा चौकोन, त्यावर माणूस गेल्याची तिरपी रेघ, म्हणजे हे. शेजारी मी. खाली दोन वर्तुळं. पहिलं कोरं, दुसरं काळं.

पहिली थोरली. दुसरी धाकटी.

धाकटीने ते बस डेपोत मॅनेजरच्या मोबाईलवर पाहिलं. तो तिला म्हणाला, "हे तुमच्याच घरचं ना?" बस लावून ती घरी आली आणि चप्पल न काढता खुर्चीत बसली. मला म्हणाली, "आई, मला कळायला नको होतं."

रक्त दिलं तेव्हा दोघींनी बजावलं होतं, की संशोधनाला लागेल ते घ्या पण निकाल आम्हाला सांगू नका. तुम्ही शेजारी उभ्या होतात. आणि ह्यांचा मेंदू द्यायला मी का-कू करत होते तेव्हा "वहिनी, तिथे नाव राहत नाही, नुसता नंबर राहतो" हे वाक्य तुमचं होतं. मी डॉक्टरांच्या नाही, तुमच्या शब्दावर सही केली.

वहिनी

१६ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र वाचलं. शपथेवर सांगते, मला ठाऊक नव्हतं. माझं काम नमुने जपायचं. मेणात बसवायचे, पातळ काप काढायचे, रंग देऊन काचेवर ठेवायचे. त्यावर वरच्या मजल्यावर कोण काय लिहितं ते आम्हाला कुणी विचारत नाही. दादाचा नंबर मला पाठ आहे, पण त्या नंबराला मी आजवर हात लावला नाही. ते काम मी शेजारच्या टेबलावरच्या बाईला देते.

काल लेख शोधून वाचला. नाव कुठेही छापलेलं नाही, एवढं तरी खरं आहे. तरीही झालं ते बरं झालं नाही, आणि मोठ्या साहेबांना मी भेटणार आहे. तोवर एक मागते. पेपरवाल्यांकडे जाऊ नकोस. एकदा का तो गोंधळ उडाला की ज्यांना माहीत नाही त्यांनाही कळेल, आणि इथले लोक तोंडं शिवून बसतील.

धाकटीला एकटं सोडू नकोस. तिला म्हणावं, आत्या येईल सुटी मिळाली की.

तुझी
वन्सं

२४ मार्च

वन्सं,

नाव छापलेलं नाही म्हणता. वा! म्हणजे घराचा रस्ता सांगितला, दाराचा रंग सांगितला, आत किती माणसं ते सांगितलं, आणि कुलपाची किल्ली तेवढी खिशात ठेवली. फार उपकार झाले.

धाकटीच्या हातातून बस काढून घेतली. मॅनेजर वाईट माणूस नाही, तो स्वतः घरी आला. म्हणाला, "काकू, उद्या रस्त्यात तिचा हात वळला तर चाळीस माणसांना मी काय उत्तर देऊ?" मी म्हटलं, "तिचा हात वळलाय का?" तो म्हणाला, "नाही. पण आता मला माहीत आहे ना." तिला स्टोअरमध्ये बसवलंय. टायर आणि तेलाचे डबे मोजते. गावातली पहिली बाई ड्रायव्हर म्हणून जिची वरात काढायची बाकी होती, तिच्याशी आता लोक हळू आवाजात बोलतात. कप हातात धरला की तिच्या बोटांकडे बघतात. सगळ्यात आधी मी बघते, ते वेगळं.

आणि दुसरी गोष्ट. तीही सांगते, म्हणजे तुम्हाला आमच्या घराचं पूर्ण चित्र मिळेल, वर्तुळांसकट. थोरलीला दिवस गेलेत.

लग्नाला इतकी वर्षं झाली, ती नाही म्हणत होती. मूल नको, वडिलांसारखं निघालं तर, मीच तशी निघाले तर. जावई बिचारे कधी एका शब्दाने बोलले नाहीत. हा आजार ह्यांना त्यांच्या आईकडून आला आणि थोरलीने तिच्या डोळ्यांनी आजीलाही पाहिलं होतं. आणि मग ते कोरं वर्तुळ पाहिलं. पाहिलं त्या रात्री ती बहिणीच्या गळ्यात पडून रडली, ते खरंच बहिणीसाठी रडली, पण घरी गेल्यावर तिने आयुष्याचं गणित नव्याने मांडलं असणार. काल सांगायला आली. चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून परस्पर आली होती, बोटांना काचेची पूड तशीच. सांगताना आधी बहिणीची माफी मागितली. धाकटी हसली आणि म्हणाली, "अगं वेडे, निदान एकीचं तरी नीट होऊ दे."

माझ्या घरात एका खोलीत आनंद आहे आणि एका खोलीत सुतक. मी मधल्या दारात उभी असते.

तुमच्या मोठ्या साहेबांना सांगा, तो लेख काढा. आणि ह्यांचं जे काही तिथे ठेवलंय ते मला परत द्या. तुम्ही चुलत घराण्यातल्या, तुम्हाला ह्या आजाराचा वाराही लागायचा नाही. मला काय वाटतं ते तुम्हाला नाही कळणार.

वहिनी

६ एप्रिल

वहिनी,

शेवटचं वाक्य लागलं. पण ते तुझं आहे, म्हणून ठेवून घेते.

साहेबांना भेटले. पाट्यांचे फोटो वेबसाईटवरून काढतो म्हणाले. लेख निघणार नाही. दादाचे काप आतापर्यंत पुष्कळ ठिकाणी गेलेत, काही समुद्रापलीकडे. त्यावर काम चालू आहे. उरलेला भाग इथे थंडीत आहे, तो देता येईल, पण तू काय करशील तो घेऊन? मला विचार करूनच लिही.

आता मी सांगते ते शांतपणे वाच. धाकटीची नीट तपासणी करून घे. इथे नको, दुसऱ्या शहरात कर. आधी समजावून सांगतात, मग रक्त घेतात, निकाल फक्त तिच्या हातात देतात. संशोधनाची तपासणी वेगळी आणि ही वेगळी. वहिनी, त्या चित्रावर विश्वास ठेवू नकोस. लेखातलं चित्र म्हणजे निकाल नव्हे. तिला घेऊन जा. मी खर्च करते, मी सोबत येते, पण तिला घेऊन जा.

ह्याहून जास्त मला लिहिता येत नाही.

तुझी
वन्सं

१५ एप्रिल

वन्सं,

तुमचं पत्र मी धाकटीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एकदा छापून झालं, आता पुन्हा सुई कशाला? त्यांना खात्री करून घ्यायची असेल." मलाही तसंच वाटलं. तुमच्या हॉस्पिटलची चूक झाकायला आता तुम्हाला माझ्या पोरीचं रक्त दुसऱ्यांदा हवंय. निकाल तोच आला की तुमचे साहेब म्हणायला मोकळे, बघा, आम्ही खोटं कुठे लिहिलं?

आणि खर्चाचं मला सांगू नका. नोकरी जपताय, जपा. कुणी कुणाची नोकरी खाल्ली ते मात्र विसरू नका. तुमची तिथली खुर्ची शाबूत आहे, माझ्या मुलीची बस गेली.

तपासणीचं एवढं वेड लागलंय तर दोघींची का नाही म्हणालात? सारखं धाकटीला ने, धाकटीला ने. थोरली खुशाल आहे म्हणून? तिला मळमळ फार होते, पण चेहरा असा उजळलाय की बघत राहावं. तिच्याकडे बघून मी दिवस काढते.

सुटी मिळाली तरी येऊ नका.

वहिनी

१७ एप्रिल

वन्सं,

परवाचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी येऊन तुमचं पुन्हा वाचलं, तर 'त्या चित्रावर विश्वास ठेवू नकोस' ह्या ओळीशी अडले. मग धाकटीला सहज विचारल्यासारखं विचारलं, की डेपोत कुणी कुणाविरुद्ध तक्रार केली तर ती फलकावर लावताना काय करता? ती म्हणाली, "माणूस ओळखू येऊ नये म्हणून थोडं बदलतो. बाईचा पुरुष करतो, सकाळची पाळी रात्रीची करतो."

म्हणून हे दुसरं पत्र.

तुमच्या लोकांनी आम्ही ओळखू येऊ नये म्हणून माझ्या मुलींची अदलाबदल केली का? थोरलीच्या जागी धाकटी, धाकटीच्या जागी थोरली?

तसं नसेल तर 'नाही' एवढंच लिहा आणि मला वेडी म्हणा, मी तुमचे पाय धरीन. तसं असेल तर लिहू नका. पत्र आलं नाही, की मी समजेन.

वहिनी

२० जून

वन्सं,

पत्र आलं नाही. मी रोज पोस्टमनची वाट पाहिली आणि रोज तो पुढे गेला. तुम्ही माझं ऐकलंत, आयुष्यात पहिल्यांदा.

मे महिनाभर मी गप्प राहिले. दोन मुली आणि तोंड एक. बोलले तर एकीला सोडवते आणि दुसरीला बुडवते. नाही बोलले तर जी मोकळी आहे ती टायर मोजत झुरते. आईने कुणाची व्हायचं, ते कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. शेवटी धाकटीचं खाणं सुटलं तेव्हा मी तिला घेऊन गेले. तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. आधी एक बाई दोनदा भेटून समजावत बसल्या, मग रक्त घेतलं, मग पुन्हा बोलावलं. का घेऊन आले ते मी धाकटीला सांगितलं नव्हतं. "एकदा खात्री कर, माझ्यासाठी" एवढंच म्हटलं होतं.

तिच्यात काही नाही. ती कोरी आहे.

निकाल सांगणाऱ्या बाई हसल्या, पाणी दिलं. आम्ही बाहेर बाकावर येऊन बसलो. मला वाटलं आता ती रडेल, ओरडेल, बसचं विचारेल. ती समोरच्या गाड्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, मग ताई?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं की मला आधीच माहीत होतं.

"ताईला सांगायचं नाही," ती म्हणाली. "तिने कधी विचारलंच नव्हतं. आत्ता तर मुळीच नाही."

मी म्हटलं, "अगं पण तुझी बस?"

तर म्हणाली, "मी बसवर बसले की ती पहिल्या थांब्यावर विचारेल, तुला कशी दिली परत. मग मी काय सांगू? दोन वर्तुळं आहेत आई, त्यातलं एक काळं आहे. हे तिला पाढ्यासारखं येतं."

तेव्हा आता असं चाललंय. निकालाचा कागद तिने तिथेच टोपलीत फाडून टाकला. धाकटी स्टोअरमध्येच आहे. मॅनेजर म्हणाला, डॉक्टरचा दाखला आण, मी पुन्हा विचार करतो. ती म्हणाली, "दाखला कुठून आणू साहेब?" थोरली दर रविवारी येते, बहिणीच्या पायाला तेल चोळते, तिला आधार देते, आणि धाकटी मुकाट्याने आधार घेते. धडधाकट पोरगी आजारी माणसासारखी डोळे मिटून पडून राहते. मी स्वयंपाकघरात उभी राहून भांडी घासते. घासलेली भांडी पुन्हा घासते.

थोरलीचं बाळंतपण होईपर्यंत तोंड उघडायचं नाही असं मी आणि धाकटीने ठरवलंय. पुढचं पुढे. पोटातल्या जिवाचंही तेच, पुढचं पुढे.

तुम्ही रागावू नका असं म्हणणार नाही. मी रागावलेलीच आहे. फक्त तो कुणावर काढायचा ते आता कळेनासं झालंय.

वहिनी

२८ जून

वहिनी,

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून सगळं लिहिते.

साहेबांकडे गेले होते त्या दिवशी मी आवाज चढवला. म्हटलं, "माझ्या भाचीला तुमच्या चित्रातून कळलं." ते खुर्चीतून उठले, दार लावलं, आणि अगदी आपुलकीने म्हणाले, "बाई, तुम्ही उगाच घाबरताय. दात्याच्या घरच्यांना कुणी ओळखू नये ह्याची आम्ही काळजी घेतो. मुलींचा क्रमसुद्धा आम्ही उलटा छापलाय." केवढा अभिमान होता त्यांना त्याचा! मी उभीच होते. त्यांना वाटलं माझं समाधान झालं. चहा घ्या म्हणाले.

वहिनी, त्या खोलीतून बाहेर पडेपर्यंत मला थोरलीचं गुपित कळलेलं होतं, आणि ते मी विचारलेलंही नव्हतं.

पुढे मी लेखी तक्रार केली. चित्र चुकीचं आहे, दुरुस्ती छापा, असं म्हटलं. समिती बसली. त्यांनी कळवलं की चित्र चुकीचं नाही, मुद्दाम बदललेलं आहे, तसा नियमच आहे. आणि दुरुस्ती छापली तर कुटुंबातल्या एका व्यक्तीची गोपनीयता भंग पावेल, तेव्हा ती छापता येत नाही. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात खोट काढता येत नाही. थोरलीचं रक्षण आता ते करताहेत, धाकटीला पुढे उभं करून.

'नाही' एवढंच लिहायला तू सांगितलं होतंस. मी तीन वेळा पाकिटावर तुझा पत्ता लिहिला. खोटं लिहून टाकावं असंही मनात आलं. मग वाटलं, आमच्या इथे एवढं खोटं छापून झालंय, त्यात माझं आणखी कशाला.

नोकरी सोडलेली नाही. तू विचारणार, म्हणून सांगते. दादाचा नंबर आता मी दुसऱ्या कुणाला देत नाही, एवढंच केलंय. त्याला तू काय म्हणायचं ते म्हण.

तुझी
वन्सं

५ सप्टेंबर

प्रिय आत्या,

आईला न सांगता लिहितेय, तू चिडू नकोस. तुमचं दोघींचं काहीतरी बिनसलंय एवढं कळतं. तुझं नाव काढलं की आई विषय बदलते. त्या लेखावरून असणार. आत्या, आईचं मनावर घेऊ नकोस. तिला धाकटीचं दुःख आहे, ते कुणावर तरी निघणारच. तुझी ह्यात काय चूक? नंबर जपायचं काम तुझं, लिहायचं काम दुसऱ्यांचं.

माझं सगळं ठीक आहे. पाय सुजतात, झोप लागत नाही, आणि बाळ असं लाथा मारतं की दुकानात गिऱ्हाईकाला चष्मा देताना मी मध्येच "आई गं" म्हणते. परवा एक आजोबा घाबरून म्हणाले, "नंबर चुकला का?" आम्ही सगळे इतके हसलो!

पण तुला लिहिते आहे ती धाकटीसाठी. मी तिला आमच्या दुकानात घेतलंय. डेपोतल्या टायरांपेक्षा हे बरं. काचा घासायला शिकवते. मालकाला मी सांगून टाकलंय, की हात चालतोय तोवर तिला ठेवा, पुढचं मी बघीन. आणि आत्या, तिचे हात अजून इतके स्थिर आहेत! माझ्याहून स्थिर. मला रोज वाटतं, आजचा दिवस मिळाला.

कधी कधी मान वर करून पाहिलं तर ती माझ्याकडेच बघत असते. मी पाहिलं की पटकन नजर वळवते. काल मी शेवटी विचारलं, "काय बघतेस गं?" तर म्हणाली, "काही नाही, छान दिसतेस." तिला माझा हेवा वाटत असेल. वाटला तरी मी समजू शकते, मला तिचा राग येत नाही. मला स्वतःचीच लाज वाटते. तिच्याऐवजी मला झालं असतं तर, असं मी मनात म्हणते, आणि लगेच पोटावर हात ठेवून म्हणते, नाही नाही, नको. असं वाटणं पाप आहे का गं?

तुझ्या तिथे ह्या आजारावर काही औषध निघण्यासारखं आहे का? अगदी खरं सांग, गोड बोलू नकोस. बाबांचा मेंदू त्यासाठीच दिला ना आपण? अजून रक्त हवं असेल तर माझं घ्या. माझ्यात काही नाही, पण तुलना करायला कोरं रक्तही लागतं, असं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते.

काल आईला मी सांगून टाकलं, की आई, तू म्हातारी होशील, पुढे धाकटीचं सगळं मीच करणार. भरवणं, धुणं, सगळं. बाबांचं केलं तसं. तिने एकटीने झुरत बसायचं नाही.

आई उठून आत गेली. तिच्यामागे धाकटीही गेली, आणि दोघींनी दार लावून घेतलं.

तुझी
थोरली